प्रोजेस्टोजेन म्हणजे नक्की काय? गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शन, मेनोपॉजची औषधं आणि कॅन्सरच्या बातम्या, सगळं सोपं करून

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषध नियामक संस्थेने, जाहीर केलं की मेनोपॉजच्या हार्मोन औषधांवर गेली वीसेक वर्षं जो काळ्या चौकटीतला कडक इशारा छापला जात होता तो बराचसा काढून टाकणार. आणि त्याच सुमारास दुसरी बातमी फिरत होती की तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे मेंदूच्या आवरणाला गाठ होते म्हणून कितीतरी बायका कोर्टात गेल्या आहेत. एकीकडे म्हणे हार्मोनला उगाच घाबरलो, दुसरीकडे म्हणे हार्मोनने गाठ होते. वाचणाऱ्या बाईने करायचं काय? चालू असलेली गोळी बंद करायची का? आईला मेनोपॉजसाठी दिलेली कॅप्सूल ठेवायची का?

या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी औषधांचा एकच गट आहे, त्याचं नाव प्रोजेस्टोजेन. आपल्या शरीरात बनतं ते प्रोजेस्टेरॉन, त्याच्यासारखं काम करणारी पण लॅबमध्ये बनवलेली ती प्रोजेस्टिन, आणि दोघांना मिळून प्रोजेस्टोजेन म्हणतात. बस, जड शब्द एवढेच. पण या गटातली औषधं एकमेकांपासून इतकी वेगळी वागतात की एकाची बातमी दुसऱ्याला चिकटवली की घोळ झालाच म्हणून समजा, आणि हा घोळ मला फार काळजीचा वाटतो कारण त्यापायी कुणी गरज असलेलं औषध सोडतं आणि कुणी नको असलेलं बिनधास्त घेत राहतं.

## आधी शरीरात काय चालतं ते बघू

पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात ओव्हरीतून इस्ट्रोजेन येतं आणि गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड होत जातं. मग स्त्रीबीज बाहेर पडतं, आणि ते ज्या पुटकुळीतून बाहेर पडलं तिचीच एक पिवळसर गाठ बनते जी पुढचे साधारण १४ दिवस प्रोजेस्टेरॉन तयार करते. हे प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ आवरतं आणि ते गर्भ रुजायला तयार करतं. गर्भ राहिला नाही की ती गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन झपकन खाली येतं आणि अस्तर सुटून बाहेर पडतं, तीच पाळी. गर्भ राहिला तर गाठ टिकते, आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यानंतर वार, म्हणजे प्लासेंटा, हे काम स्वतःकडे घेते.

यातल्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालणार आहे. अस्तर वाढवतं इस्ट्रोजेन आणि आवरतं प्रोजेस्टेरॉन. दुसरं म्हणजे प्रोजेस्टेरॉन भरपूर असताना मेंदूला निरोप जातो की आता नवीन बीज सोडू नका.

## मग शरीराचंच हार्मोन गोळीत का नाही घातलं?

कारण ते पोटातून टिकत नाही. शुद्ध प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये वेगळं काढता आलं, पण तोंडाने घेतलं की आतडी आणि लिव्हर त्याचा फडशा पाडतात, रक्तात पोचतं अगदी थोडं. इंजेक्शन देता येतं पण ते तेलातलं, दुखणारं, आणि वारंवार टोचायचं. शिवाय तेव्हा ते प्राण्यांच्या अवयवांमधून काढायला लागायचं त्यामुळे सोन्यासारखं महाग. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका रानकंदापासून ते बनवायची रीत काढली, आणि तिथेच १९४४ मध्ये सिंटेक्स नावाची कंपनी उभी राहिली. याच कंपनीच्या लॅबमध्ये १९५१ च्या ऑक्टोबरात लुईस मिरामोंतेस, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांनी नॉरएथिस्टेरॉन बनवलं, जे तोंडाने घेतलं तरी जोरदार काम करतं. आजही ते वापरात आहे.

पहिली गर्भनिरोधक गोळी एनोव्हिड, ती आधी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींसाठी आली आणि १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली. तिच्यात जवळपास १० मिलिग्राम प्रोजेस्टिन असायचं, आजच्या गोळ्यांत कितीतरी कमी असतं. आणि एक सांगायलाच हवं, या गोळीची मोठी चाचणी १९५६ पासून पोर्टो रिकोतल्या गरीब बायकांवर झाली, त्यांना हा प्रयोग आहे हे नीट सांगितलंही नव्हतं. आज आपण जे सुखाने वापरतो त्यात त्या बायकांचं देणं आहे.

पुढे शरीराचंच प्रोजेस्टेरॉन अगदी बारीक दळून तेलात मिसळलं तर तोंडानेही बऱ्यापैकी शोषलं जातं हे जमलं, आणि १९८० मध्ये फ्रान्समध्ये अशी कॅप्सूल आली. याला मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन म्हणतात. पॅकेटवर "नॅचरल" असं लिहिलेलं असतं ते हेच.

## नाव एक, स्वभाव वेगळे, असं का

पेशींवर हार्मोनसाठी रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे किल्ली असं धरा. प्रोजेस्टेरॉनच्या कुलपाची डुप्लिकेट किल्ली बनवली की ती ते कुलूप उघडतेच, पण जरा घासून बसवलेली डुप्लिकेट किल्ली कधी शेजारच्या दारातही फिरते. प्रोजेस्टिनचं नेमकं असंच होतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरएथिस्टेरॉन पुरुषी हार्मोनच्या कुलपातही थोडं फिरतात, म्हणून काहींना पिंपल्स येतात, चेहरा तेलकट होतो. सायप्रोटेरॉन उलट तेच कुलूप अडवून बसतं, म्हणून पिंपल्स आणि चेहऱ्यावरच्या नको असलेल्या केसांसाठी देतात. ड्रोस्पिरेनॉन हे स्पायरोनोलॅक्टोन नावाच्या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या कुळातलं, त्यामुळे अंगात पाणी साठू देत नाही पण पोटॅशियम वाढवू शकतं, किडनीचा त्रास असलेल्यांना ते चालत नाही. इंजेक्शनमधलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन थोडं स्टेरॉइडच्या कुलपातही जातं.

त्यामुळे "प्रोजेस्टेरॉनची गोळी चालू आहे" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, नाव काय? कारण एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही.

## गर्भ कसा टळतो

तीन ठिकाणी काम होतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो घट्ट होतो, शुक्राणू आत शिरू शकत नाहीत. बीज बाहेर पडणं कमीजास्त प्रमाणात थांबतं. आणि अस्तर पातळ राहतं. कोणतं काम जास्त आणि कोणतं कमी हे औषध, डोस आणि ते कशातून दिलंय यावर ठरतं.

सगळ्यात ओळखीची ती नेहमीची गोळी, तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असतात. गर्भ टाळायचं मुख्य काम त्यात प्रोजेस्टिनच करतं, इस्ट्रोजेन मदत करतं आणि मधेच रक्त जाऊ नये म्हणून सांभाळतं. आता ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही, म्हणजे बाळंतपण नुकतंच झालंय आणि अंगावर पाजतायत, किंवा मायग्रेनआधी डोळ्यांपुढे चमचम होते, किंवा पस्तिशीपुढच्या सिगरेट ओढणाऱ्या, बीपीवाल्या, त्यांच्यासाठी फक्त प्रोजेस्टिनची गोळी असते, मिनी-पिल म्हणतात तिला. आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात असं मला वाटतं, वेळेच्या बाबतीत.

जुन्या मिनी-पिल, ज्यात नॉरएथिस्टेरॉन किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल अगदी थोडं असतं, त्या मुख्यतः स्राव घट्ट करून काम करतात आणि तो परिणाम दिवसभरच टिकतो, म्हणून रोजच्या वेळेपेक्षा ३ तास उशीर झाला की गोळी चुकली असंच धरायचं. डेसोजेस्ट्रेलची ७५ मायक्रोग्रामची गोळी बीज सुटणंही जवळजवळ दर महिन्याला थांबवते, तिला १२ तासांची सवलत आहे. ड्रोस्पिरेनॉनच्या मिनी-पिलला २४ तास. गोळी चुकली तर जुन्या आणि डेसोजेस्ट्रेलच्या मिनी-पिलला पुढचे दोन दिवस कंडोम वगैरे वापरायला सांगतात, ड्रोस्पिरेनॉनला जास्त दिवस लागतात. म्हणजे मैत्रिणीने "अगं संध्याकाळी घेतली तरी चालते" म्हणून सांगितलं आणि तिची गोळी डेसोजेस्ट्रेलची असेल, तुमची जुनी असेल, तर तिचं चाललं आणि तुमचं नाही चालणार. पॅकेटमधला कागद वाचा, अक्षर बारीक असतं पण हे त्यात असतं. अमेरिकेत २०२३ मध्ये नॉरजेस्ट्रेलची एक मिनी-पिल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, तीसुद्धा ३ तासांच्या नियमाचीच.

इंजेक्शनमध्ये १५० मिलिग्राम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं, स्नायूत टोचतात, तीन महिने पुरतं. रोजची आठवण ठेवायला नको हा मोठा फायदा, पण एकदा टोचलं की काढता येत नाही हे लक्षात घ्या, त्रास झाला तरी परिणाम ओसरेपर्यंत थांबायलाच लागतं. आणि बंद केल्यावर गर्भ राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण दहा महिने धरतात, कुणाला त्याहून जास्त. मूल होणं कायमचं बंद होत नाही, पण वर्षभरात मूल हवंय अशा बाईने हे निवडू नये.

दंडात त्वचेखाली बसवतात ते इम्प्लांट, ४ सेंटिमीटरची काडी, आत ६८ मिलिग्राम इटोनोजेस्ट्रेल. वर्षभरात हजार बायकांमागे एकीलाही गर्भ राहत नाही इतकं ते भरवशाचं. गोळीचं कागदावर जवळपास तसंच आहे पण प्रत्यक्षात लोक विसरतात, त्यामुळे नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरात सातेक जणींना गर्भ राहतो. हा फरक औषधाच्या ताकदीचा नाही, आठवणीचा आहे. आणि हार्मोनची तांबी, जी खरं तर तांब्याची नसतेच पण लोक तांबीच म्हणतात, तिच्यात ५२ मिलिग्राम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, ती पिशवीतच थोडं थोडं सोडत राहते, रक्तात फार कमी जातं. ज्यांना पाळीत खूप अंगावरून जातं त्यांच्यासाठी ही अक्षरशः ऑपरेशन टाळणारी गोष्ट ठरू शकते, रक्तस्राव कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत कमी होतो.

## इमर्जन्सी गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी का?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की स्पष्टच लिहिते. इमर्जन्सी गोळीत १.५ मिलिग्राम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज सुटायची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहून गेला असेल तर ती त्याला काही करत नाही. गर्भपाताच्या औषधांमधलं मिफेप्रिस्टोन याच्या बरोबर उलटं, ते प्रोजेस्टेरॉनचं काम अडवतं. एक प्रोजेस्टेरॉनसारखं, एक प्रोजेस्टेरॉनविरोधी, दोघांना एकाच पारड्यात टाकणं म्हणजे चुकीची माहिती. वजन जास्त असेल तर ही गोळी कमी काम करू शकते, तेव्हा पाच दिवसांच्या आत खऱ्या तांब्याची तांबी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

## "पण पाळी आली नाही तर घाण रक्त आत साठतं ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि त्यामागची भीती खरी असते, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नये. उत्तर वर आलेलंच आहे. पाळी म्हणजे वाढलेलं अस्तर सुटून पडणं. प्रोजेस्टिन सतत चालू असताना अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं, मग पडायला काही नसतंच. साठत काही नाही. इंजेक्शन वर्षभर चालू असेल तर जवळपास निम्म्या बायकांची पाळी बंद होते, हार्मोनच्या तांबीने वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची, आणि ते औषध काम करतंय याचंच लक्षण.

खरा त्रास पाळी बंद होण्याचा नसतो, अवेळी डाग पडण्याचा असतो. पातळ अस्तराच्या रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि मधेच थोडं थोडं रक्त जातं, पहिले तीन ते सहा महिने जास्त. औषध सोडणाऱ्या बऱ्याच बायका याच कारणाने सोडतात. सुरू करतानाच कोणी हे नीट सांगितलं असतं तर निम्मी घाबराघुबर वाचली असती असं मला मनापासून वाटतं. मात्र पाळी थांबल्यावर कितीतरी काळाने अचानक जोरात रक्त जायला लागलं, किंवा गोळ्या चुकल्या होत्या आणि पाळी आली नाही, तर प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि दाखवून या.

## पाळी पुढे ढकलायची गोळी

लग्न, प्रवास, परीक्षा, कारण काहीही असो, ही गोळी बायका एकमेकींना सांगून घेतात. यात बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्राम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून असं असतं, बंद केलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मेडिकलवाल्याकडून सहज मिळते म्हणून हलकी समजू नका. मिनी-पिलमध्ये हेच औषध दिवसाला ०.३५ मिलिग्राम असतं आणि इथे १५, म्हणजे चाळीसपटीहून जास्त. एवढ्या मोठ्या डोसात शरीर त्यातला थोडा भाग इथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतं, गर्भनिरोधक गोळीत असतं तेच इस्ट्रोजेन. त्यामुळे ज्या बाईला पायात रक्ताची गुठळी झालेली आहे किंवा घरात तसा इतिहास आहे, तिने ही आपल्या मनाने घेऊ नये. लांबच्या बस किंवा विमानाच्या प्रवासात तासन्तास बसून राहायचं असेल तर अजूनच नाही. आणि ही गोळी चालू असताना गर्भ राहणार नाही असं धरून चालू नका, ती गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते.

## मेनोपॉजनंतर हे कशाला लागतं?

पाळी जाते तेव्हा अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, यावर सगळ्यात चांगलं काम करतं इस्ट्रोजेन. प्रोजेस्टोजेन इथे पिशवीला सांभाळायला येतं. फक्त इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढतच राहतं, त्याला आवरणारं कोणी नसतं, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांतून दिसलं की अशा बायकांमध्ये गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढलाय. पुढे १९९० च्या दशकातल्या एका चाचणीत तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींच्या अस्तरात काळजी करावी अशी वाढ सापडली, प्रोजेस्टोजेन सोबत घेणाऱ्यांत ती जवळपास नव्हतीच.

म्हणून नियम साधा आहे: पिशवी आहे तर इस्ट्रोजेनच्या गोळी, पॅच किंवा जेलबरोबर प्रोजेस्टोजेन हवंच. पिशवी काढलेली असेल तर सहसा नको. काही बायका प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने सुस्ती येते म्हणून फक्त तीच बंद करतात आणि पॅच चालू ठेवतात, हे फार धोक्याचं आहे, असं करू नका. कॅप्सूल रात्री झोपताना घ्या, कारण प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात जे पदार्थ बनतात त्यांनी झोप येते, काहींना तर त्याचा फायदाच होतो. तरी नाही जमलं तर हार्मोनची तांबी हे काम करू शकते, डॉक्टरांशी बोलून बदला.

आता तो इशारा. २००२ मध्ये वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या अमेरिकन चाचणीचा १६,६०८ बायकांचा एक भाग मधेच थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर जास्त दिसला. बातम्यांत आलं "२६ टक्के वाढ" आणि जगभर बायकांनी औषधं फेकली. पण आकडा उघडून बघा, वर्षाला १०,००० बायकांमागे ३० च्या जागी ३८. आठ जास्त. या आठ जणींना क्षुल्लक म्हणायचं नाहीये, पण २६ टक्के ऐकून शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर होतो असं ज्यांना वाटलं त्यांची फसवणूकच झाली. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, आणि मेनोपॉजचा त्रास होतो पन्नाशीच्या आसपास.

अजून एक गोष्ट जी बातमीत आलीच नाही. त्याच चाचणीत पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, आणि त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही. म्हणजे ब्रेस्टच्या बाबतीत संशयाची सुई सोबतच्या प्रोजेस्टिनकडे जाते. फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत हा धोका पहिल्या काही वर्षांत तरी कमी दिसला, पण ती पाहणी होती, कुणाला कुठलं औषध ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हती, त्यामुळे कल चांगला आहे इतकंच म्हणता येतं. २०२५ च्या निर्णयात हृदयविकार, ब्रेस्ट कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचे इशारे चौकटीतून काढायचं ठरलं, पण नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो हा इशारा ठेवला. का ठेवला ते आता तुम्हीच सांगू शकाल.

## मग ती मेंदूच्या गाठीची बातमी?

ती खरी आहे. मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेकदा कॅन्सरची नसते, हळू वाढते, पण जागा अशी की ऑपरेशन लागू शकतं. बायकांमध्ये जास्त होते आणि तिच्या पेशींवर बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असतात. २०२४ मध्ये फ्रान्समधला अभ्यास आला, त्यात अशा गाठीचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका होत्या. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्यांत धोका साडेपाच पट निघाला. पण त्याच अभ्यासात शरीराचंच प्रोजेस्टेरॉन, डायड्रोजेस्टेरॉन नावाचं प्रोजेस्टिन आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी यांच्यात वाढ दिसली नाही. सायप्रोटेरॉनच्या मोठ्या डोसाबद्दल तर आधीच माहिती होती, युरोपने २०२० मध्ये त्यावर बंधनं घातली.

साडेपाच पट ऐकून छातीत धस्स होतं, कळतं मला. पण गाठ मुळातच दुर्मीळ आहे, दुर्मिळाचं साडेपाच पट म्हणजेही थोडंच. इंजेक्शन वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारा की अजून हेच लागतं का, दुसरं काही चालेल का. आणि नवीन, न थांबणारी डोकेदुखी, नजर बदलणं, ऐकू कमी येणं, फिट येणं असं काही झालं तर हे इंजेक्शन घेत होते हे सांगा.

## बाकीच्या भीती

गर्भनिरोधकांनी ब्रेस्ट कॅन्सर होतो का? थोडा वाढतो. ऑक्सफर्डचा २०२३ चा अभ्यास आहे, त्यात नुसत्या प्रोजेस्टिनच्या प्रकारांतही सध्या किंवा अलीकडे वापरणाऱ्यांत २० ते ३० टक्के वाढ दिसली, दोन हार्मोनच्या गोळीसारखीच. पण वय बघायला हवं: सोळा ते वीस वर्षांत पाच वर्षं वापरलं तर पुढच्या काळात एक लाखात साधारण ८ जास्त, पस्तीस ते एकोणचाळीसमध्ये वापरलं तर एक लाखात २६५. आणि दोन हार्मोनची गोळी ओव्हरी आणि गर्भपिशवीचा कॅन्सर कमीही करते, हेही त्याच हिशोबात धरायला हवं.

रक्ताच्या गुठळ्यांचं म्हणाल तर मुख्य दोष इस्ट्रोजेनचा, पण सोबतचं प्रोजेस्टिन कोणतं यानेही फरक पडतो. काही न घेणाऱ्या बायकांत वर्षाला १०,००० मागे २, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीने ५ ते ७, ड्रोस्पिरेनॉन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीनवाल्या गोळीने ९ ते १२. गरोदरपणात याहून जास्त असतो. मिनी-पिलने तो वाढल्याचं दिसत नाही.

हाडांचा प्रश्न इंजेक्शनचा आहे. ते इस्ट्रोजेन खाली नेतं, हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर बरंचसं भरून येतं, पण अमेरिकेत २००४ पासून यावर इशारा आहे आणि दोन वर्षांपुढे घ्यायचं तर विचार करून असं सांगतात. वजनवाढही इंजेक्शनच्याच बाबतीत ठळक दिसते. मूडचं मात्र सगळ्यात अवघड. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदींत हार्मोन वापरणाऱ्यांना डिप्रेशनची औषधं थोडी जास्त लागलेली दिसली, किशोरवयात जास्त. याने कारण सिद्ध होत नाही. पण एखादी मुलगी म्हणतेय की गोळी सुरू केल्यापासून मन उदास आहे तर "मनाचे खेळ आहेत" म्हणून तिला उडवून लावू नका, औषध बदलून बघता येतं, प्रकार भरपूर आहेत.

प्रेग्नन्सी टिकवायला प्रोजेस्टेरॉन देतात त्याबद्दल थोडक्यात. आयव्हीएफमध्ये ते बहुतेकदा लागतंच. पण प्रत्येकीला "सेफ्टीसाठी" द्यावं असा पुरावा नाही. २०१९ ची ४,१५३ बायकांची ब्रिटिश चाचणी आहे, सुरुवातीला रक्त गेलेल्या सगळ्यांना मिळून स्पष्ट फायदा दिसला नाही, आधी आपोआप गर्भपात झालेले असून आता रक्त जातंय अशांना मात्र दिसला.

## डॉक्टरकडे जाताना

पॅकेट बरोबर न्या किंवा त्याचा फोटो, नुसतं "पांढरी छोटी गोळी" म्हणून कुणालाच कळत नाही. दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते न विचारता सांगा. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन, फिटसाठीची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, आणि झाडपाल्याचं म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट, यांनी लिव्हर गोळीतलं आणि इम्प्लांटमधलं हार्मोन भराभर संपवतं आणि गोळी वेळेवर घेऊनही गर्भ राहू शकतो. टीबी-फिटची ही औषधं बंद केल्यावरही साधारण महिनाभर तो परिणाम राहतो. इंजेक्शन आणि हार्मोनच्या तांबीवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे फिटची गोळी कायमची चालू असेल तर त्या दोघांतलं काही जमेल का ते तिथेच विचारून घ्या.